संगीतोपचार, मुलांसाठी

मुलाच्या शारीरिक, बौद्धिक, भावनिक वा सामाजिक विकासात अडथळा आला असता, निश्चित उद्दिष्ट समोर ठेवून प्रशिक्षित उपचारकाने केलेल्या संगीताच्या पद्धतशीर उपयोगास संगीतोपचार म्हणतात. संगीतशिक्षण व संगीतोपचार यांत मूलभूत भेद आहे. शिक्षणात गाणे वा वाजवणे आत्मसात करणे हे साध्य असते. उपचारात संगीत हे साधन असून नजरेला नजर देणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हाताची पकड सुधारणे, शब्द उच्चारणे यांसारखी संगीताबाहेरील कौशल्ये ही साध्ये असतात. त्यामुळे उपचारासाठी मुलाच्या अंगी गानगुण असण्याची आवश्यकता नसते. केवळ ध्वनिमुद्रित संगीत ऐकवणे हाही पूर्ण अर्थाने संगीतोपचार नव्हे. मूल, उपचारक व संगीत यांच्यातील जिवंत देवाणघेवाण हे या पद्धतीचे मर्म होय.

*विकासात्मक आधार :* गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत अर्भकास बाहेरील ध्वनी ऐकू येऊ लागतात. नवजात मूल आईचा आवाज अन्य स्त्रीच्या आवाजापासून वेगळा ओळखते व तो अधिक पसंत करते, हे अँथनी डीकॅस्पर व विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. नियमित ठेक्यातील अपेक्षित आघात गाळल्यास झोपलेल्या नवजात अर्भकाच्या मेंदूतही त्याची नोंद होते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. म्हणजेच शब्दांचा अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी मुलास स्वरांचा चढउतार व लय यांची जाण असते. मांडीवरच्या नातवाला बडबडगीत म्हणून दाखवणारी आजी ओळीच्या शेवटी क्षणभर थांबते, मूल हुंकार देते आणि मगच ती पुढची ओळ घेते. या आळीपाळीच्या प्रतिसादातच पुढील संभाषणाचे बीज असते. ज्या मुलांमध्ये ही देवाणघेवाण आपोआप घडत नाही, त्यांच्याशी ती संगीताच्या द्वारे नव्याने सुरू करणे, हे संगीतोपचाराचे मुख्य तत्त्व आहे. लयीत पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत असल्याने मुलाची भीती कमी होते. लयीबरोबर शरीराची हालचाल सहज जुळते. आणि गाणे व बोलणे या दोन्हींत श्वासाचे नियंत्रण समान असते. या गोष्टी त्यास साहाय्यभूत होतात.

*इतिहास :* संगीताचा मनावरील परिणाम प्राचीन काळापासून ज्ञात असला, तरी स्वतंत्र व्यवसाय म्हणून संगीतोपचाराचा उदय दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास झाला. अमेरिकेतील रुग्णालयांत जखमी व मानसिक आघात झालेल्या सैनिकांसाठी संगीताचा उपयोग होऊ लागला आणि त्यासाठी खास प्रशिक्षणाची गरज भासली. १९४४ मध्ये मिशिगन येथे पहिला विद्यापीठीय अभ्यासक्रम सुरू झाला. कॅन्झस विद्यापीठातील ई. थेअर गॅस्टन (१९०१–७०) यांनी या विषयास शास्त्रीय बैठक दिली. १९५० मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तर १९८५ मध्ये जागतिक महासंघ अस्तित्वात आला.

मुलांच्या क्षेत्रातील पायाभूत कार्य मुख्यतः यूरोपात झाले. फ्रान्समध्ये जन्मलेल्या चेलोवादक ज्युलिएट ॲल्व्हिन (१८९७–१९८२) यांनी १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये संगीतोपचाराची संस्था स्थापन केली आणि स्वमग्न मुलांबाबतच्या आपल्या अनुभवांवर ग्रंथ लिहिला. अमेरिकन संगीतरचनाकार पॉल नॉर्डोफ (१९०९–७७) व ब्रिटिश विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स (१९२७–२०११) यांनी १९५९ पासून इंग्लंडमधील सनफील्ड या बालगृहात एकत्र काम केले. प्रत्येक मुलामध्ये, त्याचे अपंगत्व कितीही तीव्र असले तरी, संगीतास प्रतिसाद देणारा एक अंश अबाधित असतो, ही त्यांची धारणा होती. जर्मनीत गर्ट्रूड ऑर्फ (१९१४–२०००) यांनी कार्ल ऑर्फ यांच्या संगीतशिक्षणपद्धतीतून विकासात अडथळे असलेल्या मुलांसाठी उपचारपद्धती तयार केली.

*कार्यपद्धती :* प्रारंभी मुलाचे ऐकणे, हालचाल, भाषा व वर्तन यांची पाहणी करून उद्दिष्टे ठरवतात. नॉर्डोफ-रॉबिन्स पद्धतीत सामान्यतः दोन उपचारक असतात. एक पियानो वाजवतो व दुसरा मुलास साहाय्य करतो. मूल ढोलावर वेडेवाकडे आघात करू लागले, तर त्यास न अडवता पियानोवादक त्याच गतीने व त्याच जोराने त्यास साथ देतो. मूल रडू लागल्यास त्या रडण्याच्या स्वरातच उत्स्फूर्त रचना करतो. काही काळाने तो गती किंचित बदलतो वा मध्येच थांबतो. आपल्या कृतीने समोर काहीतरी घडते, हे मुलाच्या लक्षात आले की ते प्रथमच दुसऱ्याची वाट पाहू लागते. बैठकींचे ध्वनिमुद्रण करून प्रगतीची नोंद ठेवतात. यासाठी पाश्चात्त्य वाद्येच हवीत असे नाही. खंजिरी, डफ, टाळ, घुंगरू, हार्मोनियम ही मुलाच्या परिचयाची वाद्ये तितकीच उपयुक्त असतात.

*उपयोग :* (१) अकाली जन्मलेली अर्भके : जोॲन लोवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ११ अतिदक्षता विभागांतील २७२ अर्भकांवर केलेल्या अभ्यासात (२०१३) आईवडिलांनी निवडलेले गीत अंगाईच्या चालीत प्रत्यक्ष गायल्याने अर्भकांच्या हृदयाचे ठोके मंदावले व पालकांवरील ताणही कमी झाला. (२) मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेली मुले : ठेक्याच्या साहाय्याने चालण्याचा व हात वापरण्याचा सराव करून घेतात. (३) श्रवणदोष असलेली मुले : मोठ्या चर्मवाद्यांची कंपने स्पर्शाने जाणवत असल्याने लयीचे शिक्षण शक्य होते. (४) रुग्णालयातील मुले : सुई टोचणे वा अन्य वेदनादायक प्रक्रियांच्या वेळी भीती व वेदना सौम्य करण्यासाठी संगीत वापरतात.

स्वमग्न मुलांबाबतचा पुरावा विशेष विचार करण्याजोगा आहे. नऊ देशांतील ४ ते ७ वर्षे वयाच्या ३६४ मुलांवर झालेल्या प्रयोगात (२०१७) पाच महिन्यांच्या उपचारानंतर सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत, उपचार न घेतलेल्या मुलांच्या तुलनेत, लक्षणीय फरक दिसला नाही. याउलट २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेता (२०२२) एकंदर सुधारणा व जीवनमान यांबाबत लाभ संभवतो असे दिसले. तथापि भाषिक संवादातील लाभ स्पष्ट झाला नाही. संगीतोपचाराने स्वमग्नता नाहीशी होत नाही; मुलाचा सहभाग वाढून त्याचे व कुटुंबाचे जीवन अधिक सुसह्य होऊ शकते, एवढेच यावरून म्हणता येते.

*समज व मर्यादा :* संगीत ऐकवल्याने मूल बुद्धिमान होते, हा समज १९९३ मधील एका प्रयोगामुळे जगभर पसरला. वस्तुतः तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता आणि मोट्सार्टची रचना ऐकल्यानंतर दिसलेला परिणाम केवळ १० ते १५ मिनिटे टिकला होता. तरीही १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात मुलास अभिजात संगीताचे ध्वनिमुद्रण देण्याचा प्रस्ताव मांडला. ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांवर केलेल्या प्रयोगात (२००४) एक वर्ष संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्धिगुणांक सरासरी ७ ने, तर इतरांचा ४.३ ने वाढला. हा फरक लहान असून तो ऐकण्याने नव्हे, शिकण्याने आला. आणि सामाजिक वर्तनातील सुधारणा संगीताच्या नव्हे, नाट्याच्या गटात दिसली. विशिष्ट रागाने विशिष्ट व्याधी बरी होते, या प्रचलित दाव्यांनाही पुरेसा प्रायोगिक आधार नाही.

काही स्वमग्न मुलांना मोठे वा अनपेक्षित आवाज असह्य होतात. नवजात अतिदक्षता विभागात आवाज ४५ डेसिबेलच्या मर्यादेत ठेवण्याची शिफारस आहे. क्वचित अपस्माराचा झटका संगीतामुळेच उद्भवतो. म्हणून वैद्यकीय तपासणीनंतरच उपचार सुरू करणे श्रेयस्कर असते. संगीतोपचार हा वाक्-उपचार, व्यवसायोपचार वा विशेष शिक्षण यांना पूरक आहे, पर्याय नाही. त्याच्या आशेवर ही उपाययोजना लांबणीवर टाकल्यास मुलाच्या विकासाचा अमूल्य काळ वाया जातो. उपचाराचे उद्दिष्ट कोणते, प्रगती कशी मोजणार आणि ती न दिसल्यास केव्हा थांबणार, या तीन प्रश्नांची उत्तरे पालकांनी उपचारकाकडून प्रारंभीच घेणे आवश्यक आहे. आईवडिलांनी घरी गायलेले गाणे हा उपचार नव्हे; परंतु मुलाच्या प्रतिसादाची वाट पाहत ते गायले गेले, तर उपचाराचे मूळ तत्त्व त्यातही असते आणि त्यासाठी सुरेल गळ्याची अट नाही.