धक्का बसला, पण पुढे काय?

सिनेमागृहात पॉपकॉर्नचा पहिला घास तोंडात टाकावा आणि समोर तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण दिसावा, असं तुमच्याही बाबतीत झालं असेल. मुलं डोळे झाकतात, आई ‘तिकडे बघू नकोस’ म्हणते, बाबा मोबाइल काढतात. तंबाखूची दृश्यं असलेल्या चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्येही असे इशारे दाखवणं ऑक्टोबर २०१२ पासून बंधनकारक आहे. हेतू चांगलाच आहे. पण मान फिरवणाऱ्यापर्यंत काय पोहोचतं?

जाहिरातीतल्या धक्क्याची हद्द आपण २ फेब्रुवारी २०२४ ला पाहिली. अभिनेत्री पूनम पांडेचं सर्व्हायकल कॅन्सरने, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने निधन झाल्याची पोस्ट तिच्याच इन्स्टाग्रामवर आली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः व्हिडिओत हजर! म्हणे, जनजागृतीसाठी केलं. लोक भडकले, मोहिमेतल्या डिजिटल एजन्सीने माफी मागितली. आजाराचं नाव घरोघरी गेलं, हे मान्य. व्हिडिओत लसीचा उल्लेखही होता. पण तुमच्या घरी तेव्हा चर्चा कशाची झाली, लसीची की पूनमची? आणि ज्यांच्या घरातली बाई खरोखरच या आजाराने गेली, त्यांना ती पोस्ट कशी वाटली असेल?

भीती कधी कामाला येते, याचा एक जुना पण मजेदार प्रयोग आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं वाटली गेली, काही साधी, काही अंगावर काटा आणणारी. भयंकर पत्रक वाचलेल्यांना लस घ्यायलाच हवी असं जास्त वाटलं. पण नुसतं वाटून काय होतं? काही पत्रकांसोबत आरोग्य केंद्राचा नकाशा होता आणि आठवड्यात कधी जमेल ते ठरवायलाही सांगितलं होतं. ती मिळालेल्यांपैकी सुमारे २८ टक्के विद्यार्थी लस घ्यायला गेले, न मिळालेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के. १९६५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याच कॉलेजचं आरोग्य केंद्र कुठे आहे हे मुलांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे!

म्हणून पुढच्या वेळी अशी जाहिरात दिसली की नकाशा शोधा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला रोखणारी एचपीव्ही लस ९ ते १४ वर्षांच्या वयात घेतली तर सर्वाधिक उपयोगी पडते. मुलगी त्या वयाची असेल तर डॉक्टरांना याच महिन्यात विचारा. तिशी ओलांडली असेल तर स्वतःच्या तपासणीचंही त्याच वेळी विचारून घ्या.

आणि घरात कुणी तंबाखू खात असेल, तर पुडीवरचं ते भीषण चित्र नाकासमोर नाचवू नका. ते त्यांनी हजारदा पाहिलंय. त्याच पुडीवर १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा नंबर छापलेला असतो. तो लावा आणि फोन त्यांच्या हातात द्या.