बांधाच्या कडेने धावणारा गडी

फुटबॉलमध्ये मैदानाच्या अगदी कडेने, बांध धरून चालावे तसा, चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्याला विंगर म्हणतात. चेंडू तो मध्ये लोटतो. गोल बहुधा दुसऱ्याच्या नावावर लागतो.

मुंबईच्या स्टीव्हन डायसचे काम हेच, उजव्या कडेचे. तो महिंद्रा युनायटेडकडून खेळे. दक्षिण मुंबईतले कूपरेज हे त्यांचे मैदान. आपल्याकडच्या कितीतरी ट्रॅक्टरांवर ज्या कंपनीचे नाव असते, तिचाच हा संघ! २००६ साली त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने संघच मोडला. खेळाडूंनी काय करावे? साखर कारखाना बंद पडला, तर त्यात उभ्या उसाचा काय दोष?

डायसने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सची वाट धरली. २०११ च्या जानेवारीत तो भारताच्या संघातून कतारला, दोहाच्या आशिया चषकाला गेला. तब्बल २७ वर्षांनी भारताला तिथे जागा मिळाली होती. ऑस्ट्रेलियाने ४-०, बहारीनने ५-२, दक्षिण कोरियाने ४-१ असे हरवले. पाहुणचार कडकच झाला म्हणायचा.

पुढे डायस प्रशिक्षक झाला; जमशेदपूरच्या संघाबरोबर त्याने काम केले.