पाठदुखी आणि जुनी गाठ

मी रेडिएशनच्या मशीनवर काम करते. पेशंटला टेबलावर झोपवायचं, अंगावरच्या खुणा जुळवायच्या, बाहेर येऊन मशीन चालू करायचं. डॉक्टरांना विचारायला लोक बिचकतात, मग मला विचारतात, "ताई, आता हाडांचा वेगळा कॅन्सर झाला का हो?"

वेगळा नाही. स्तनातल्या पेशी रक्तातून मणक्यात जाऊन वाढल्या तरी त्या स्तनाच्याच राहतात, म्हणून औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच चालतात. प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉईड यांचंही तसंच.

पण हाडातच का? स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जननं 1889 साली स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या 735 बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या आणि म्हटलं, बी चहूकडे उडतं, रुजतं मात्र मानवेल त्याच मातीत. हाडात काही पेशी सतत जुनं हाड कुरतडत असतात, काही नवं भरत असतात. कॅन्सर कुरतडणाऱ्यांना चेव आणतो. हाड विरघळलं की त्यात साठलेली वाढीची द्रव्यं सुटतात आणि त्यांवर कॅन्सर आणखी पोसतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये बहुधा उलट होतं, नवं हाड वेडंवाकडं साचतं. एक्स-रेत ते पांढरंशुभ्र दिसतं, पण भक्कम नसतं.

पाठ दुखणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, उगाच धास्ती घेऊ नका. पण ज्यांना तो होऊन गेलाय, त्यांनी नवं, हटत नसलेलं, रात्री वाढणारं दुखणं बाम चोळत अंगावर काढू नये; गाठ काढून दहा वर्षं झाली असली तरी. पायातला जोर गेला, कमरेखाली बधिर वाटलं, लघवी अडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असू शकते. स्वतःच्या पायांनी आलेला पेशंट बहुधा चालता राहतो. पाय पूर्ण लुळे पडल्यावर आणलेला क्वचितच उभा राहतो. हे मी डोळ्यांनी बघते, म्हणून एवढं बजावते.

हाडाच्या नुसत्या दुखण्यासाठी पुष्कळदा रेडिएशनचा 8 ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच डोस पुरतो. "एकच दिवस?" म्हणून नातेवाईक हिरमुसतात, जणू आम्ही मापात मारलं! दुखणं थांबवायला तो लांबलचक कोर्सइतकाच चालतो; काहींना पुढे पुन्हा द्यावा लागतो, इतकंच. आराम पडायला मात्र काही आठवडे लागू शकतात आणि सुरुवातीचे एकदोन दिवस दुखणं वाढूही शकतं.

हाडं सावरायला झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन देतात. त्याआधी दात तपासून घ्या. नंतर दाढ उपटली तर काहींच्या जबड्याची जखम भरत नाही, म्हणून किडकी दाढ असेल तर तिचा निकाल आधीच लावलेला बरा.