गुमगावच्या ढिगांवरील कवकजाल

पावसाळा मध्यावर आला, की वारुळांच्या आसऱ्याने उगवलेल्या सात्या पूर्व विदर्भाच्या बाजारांत येतात आणि विकणारा सांगेल तो भाव देऊन खवय्ये त्या घरी नेतात. परंतु हे नाजूक छत्र ज्याचे केवळ अल्पायुषी फळ, तो बुरशीचा खरा देह, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तंतूंचे भूमीत पसरलेले कवकजाल, वेचणाऱ्याच्या हाती लागत नाही आणि खाणाऱ्याच्या स्मरणातही राहत नाही.

सूर्यप्रकाशावर अन्न सिद्ध करण्याची वनस्पतीची शक्ती नाही आणि अन्न गिळून पचविण्याची प्राण्याची सोय नाही, अशा या जिवाने तिसराच मार्ग पत्करला आहे: तंतूंतून पाचक रस बाहेर सोडावेत, काष्ठपाचोळ्याचे जागच्या जागी विघटन करावे आणि विरघळलेले द्रव्य शोषून घ्यावे. मनुष्याने याच वृत्तीचा लाभ उठविला. शिजवून निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या वा ज्वारीच्या दाण्यांवर कवकजाल वाढविले, की अळंबीचे बियाणे, म्हणजे ‘स्पॉन’, तयार होते, आणि भिजवून निर्जंतुक केलेल्या तणसात किंवा सोयाबीनच्या कुटारात त्याचे थर दिले, की काही आठवड्यांत धिंगरी अळंबी काढणीस येते. अमेरिकेत तर शेतातील भुसा साच्यात घालून व कवकजालाकरवी एकजीव करून वेष्टनासाठी थर्माकोलचा पर्यायही सिद्ध झाला आहे.

नागपूरने मात्र कवकांच्या एका निराळ्या शाखेकडून याहून अवघड काम करवून घेतले. ही शाखा छत्र धारण करीत नाही आणि सडक्या लाकडावर जगत नाही. ती जिवंत मुळांच्या पेशींत शिरते, मुळे जेथवर पोहोचत नाहीत तेथवर आपले तंतू धाडून स्फुरद व पाणी आणून देते, आणि मोबदल्यात पानांनी केलेली शर्करा घेते. कवक आणि मुळे यांच्या अशा सहजीवनास १८८५ साली आल्बर्ट फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने ‘मायकोरायझा’ असे नाव दिले. दाण्यांवर ही शाखा वाढत नाही. कुंड्यांत मका-ज्वारीसारखी पिके लावून त्यांच्या मुळांवरच तिची जोपासना करावी लागते.

या शाखेस नेमलेले ते अवघड काम होते खाणींच्या उजाड ढिगांवर झाडी धरविण्याचे. मध्य प्रांतात खनिजांच्या शोधार्थ १८९६ साली एक सिंडिकेट स्थापन झाले, पुढे मॅंगनीजच्या खाणी विलायती कंपनीच्या ताब्यात राहिल्या आणि १९६२ साली नागपुरात मुख्यालय असलेली ‘मॉईल’ ही मॅंगनीज काढणारी कंपनी अस्तित्वात आली. या प्रदीर्घ खोदकामात धातुक काढून उरलेला दगड-मुरूम खाणींच्या कडेला साचत गेला. सेंद्रिय कर्ब नाही, नत्र नाही, ओल धरण्याची शक्ती नाही, जड धातू मात्र अंगी भिनलेले, अशा ढिगावर गवतही मुश्किलीने धरते आणि पावसाचे लोट तो गाळ आसपासच्या शेतांत नि नाल्यांत नेऊन टाकतात.

सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनार्थ १९५८ साली नागपुरात स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून पर्यावरणाचे नाव धारण करणाऱ्या ‘नीरी’ या संस्थेने सावनेर तालुक्यातील गुमगाव खाणीचे असे ढीग हाती घेतले. डॉ. आशा जुवारकर व त्यांचे सहकारी यांनी तेथे अवलंबिलेली पद्धती अशी, की खड्ड्यांत कारखान्यांचा सेंद्रिय गाळ भरावा, त्यास नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंची आणि मुळांशी सख्य करणाऱ्या कवकांची जोड द्यावी, व मग साग, शिसव, कडुनिंब यांसारखी रोपे लावावीत. गाळ ओल व अन्न पुरवितो, जिवाणू नत्र देतात, आणि कवकजाल स्फुरद मिळवून देऊन धातूंचा काही अंश आपल्या तंतूंतच अडवून धरते. या तिघांपैकी एकट्याच्या हातून हे कार्य होण्यासारखे नव्हते. उजाड ढिगांवर त्यातून झाडी उभी राहिली, आणि चंद्रपूरकडील कोळसाखाणीच्या ढिगांवरही हाच मार्ग अनुसरण्यात आला.

तथापि उपचार कितीही श्लाघ्य असला, तरी रोग टाळणे अधिक शहाणपणाचे. खोदण्यापूर्वीच्या वरच्या मातीत हे कवकजाल आयतेच नांदत असते. ती माती वेगळी काढून लवकर पसरली तर ते टिकते, आणि दीर्घकाळ रास घालून ठेवली तर मुळांवाचून क्षीण होते. म्हणून खाणवाल्यांनी धातुकाइतकाच या मातीचाही दफ्तरी हिशेब ठेवावा, आणि मक्ता देतानाच सरकारने तो मागून घ्यावा.