हेल्मेट दिलं, पण शिकवलं का? बांधकाम कामगारांच्या सुरक्षा प्रशिक्षणाविषयी



आपल्या नवी मुंबईत बांधकाम कधी थांबतच नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हापासून इथे एकेक नोड उभा राहत गेला. आता वाशीसारख्या भागात जुन्या इमारती पाडून टॉवर होत आहेत. हे काम करणाऱ्या मिस्त्री, बिगारी, सेंट्रिंगवाल्यांची मुलं आपल्याच वर्गात बसतात. त्यांच्या आई-वडिलांना साइटवर काय शिकवलं जायला हवं, ते आज समजून घेऊया.

प्रशिक्षणात काय असतं?

मुख्य धोके पाच आहेत.

१) उंचावरून पडणे : ६ मीटर, म्हणजे साधारण दोन मजल्यांच्या उंचीवरून पडलेला माणूस एका सेकंदाहून थोड्याच जास्त वेळात जमिनीवर आदळतो. तेव्हा त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. काही पकडायला वेळच मिळत नाही. म्हणून सेफ्टी बेल्ट नुसता अंगात घालून भागत नाही. त्याचा हूक पक्क्या आधाराला, शक्यतो खांद्याच्या वर अडकवावा लागतो. परांचीच्या सुट्या पाइपला अडकवलेला हूक उपयोगाचा नाही.

२) माती ढासळणे : एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या आसपास असतं. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचं तोंड मोकळं असलं तरी त्याला श्वास घेता येत नाही. म्हणून खोल खड्ड्याच्या भिंतींना आधार हवा, बाहेर यायला शिडी हवी आणि काढलेली माती काठापासून दूर टाकायला हवी. पावसाळ्यात तर जास्तच काळजी हवी.

३) वीज : प्लग न लावता वायरची उघडी टोकं काडीने सॉकेटमध्ये खोचायची, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं असेल. ओल्या जमिनीवर हीच सवय जीव घेते.

४) धूळ आणि सिमेंट : टाइल किंवा ग्रॅनाइट कोरडं कापलं की सिलिकाची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. पाणी मारत कापलं तर धूळ बसते, आणि त्यासोबत योग्य मास्क हवा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. ओलं सिमेंट कातडी भाजतं, म्हणून हातमोजे, गमबूट आणि धुवायला भरपूर स्वच्छ पाणी हवं.

५) ऊन : तहान लागण्याची वाट न बघता थोडं थोडं पाणी पिणे, सावलीत थांबणे, आणि चक्कर आली तर लगेच सांगणे.

शिकवायचं कसं?

इथे आपल्या डीएडच्या अभ्यासाची आठवण येते. मोठ्या साइटवर नव्या कामगाराला सुरुवातीला माहिती देतात आणि रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटांचं बोलणं होतं. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. पद्धत चांगली आहे. पण पन्नास माणसांसमोर भराभर सूचना वाचायच्या आणि कागदावर सह्या-अंगठे घ्यायचे, एवढ्याने शिक्षण होतं का? कोणी मराठवाड्यातून आलेला असतो, कोणी कर्नाटकातून, बिहारमधून किंवा बंगालमधून. प्रत्येकाची बोली वेगळी, काहींना वाचता येत नाही.

वर्गात "कळलं का?" विचारलं की सगळी मुलं "हो" म्हणतात. मोठी माणसंही तेच करतात. म्हणून "हूक लावून दाखव" असं सांगायचं. एका दिवशी एकच गोष्ट घ्यायची, करून दाखवायची, करून घ्यायची, आणि आठवड्याने पुन्हा बघायची. शिवाय "हे धोक्याचं आहे, मी करणार नाही" असं म्हणणाऱ्याची मजुरी कापली गेली, तर बाकीचे त्यातून वेगळाच धडा शिकतात!

प्रशिक्षण पुरेसं नाही

४ एप्रिल २०१३ रोजी नवी मुंबईला लागून असलेल्या शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली काम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. त्यांत तिथेच राहणारे कामगार होते, त्यांची लेकरंही होती. तिथे कोणतं हेल्मेट कामी आलं असतं? इमारत पक्की असणं, परांची मजबूत असणं, लिफ्टच्या मोकळ्या खड्ड्याला कठडा असणं ही मालकाची आणि ठेकेदाराची जबाबदारी आहे. प्रशिक्षण देऊन ती कामगाराच्या गळ्यात टाकता येत नाही.

आपण काय करू शकतो?

पालकांसाठी : नाक्यावरच्या कामगाराला रोज नवा मालक. त्याला शिकवणार कोण? रंगकाम, ग्रिल किंवा वॉटरप्रूफिंगसाठी आपण माणूस बोलावतो, तेव्हा त्या दिवसापुरते मालक आपणच. बेल्ट आहे का, दोर कुठे बांधलाय, खाली माणसं येऊ नयेत म्हणून काय केलंय, हे तीन प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारा. "दोन मिनिटांचं काम आहे, तसंच करून टाका" हे वाक्य आपल्या तोंडून जाऊ नये.

शिक्षकांसाठी : १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मंडळाच्या योजनांमध्ये सुरक्षा संच आहे. पहिल्या दोन मुलांसाठी पहिली ते सातवीपर्यंत वर्षाला २,५०० रुपये शैक्षणिक मदतही आहे. त्यासाठी ७५ टक्के हजेरीचा शाळेचा दाखला लागतो. तो मागायला आलेल्या पालकाची मजुरी त्या दिवशी बुडालेली असते, तेव्हा त्याला दुसरी खेप घालायला लावू नका. आणि दाखला देताना "संचातला बेल्ट वापरता का? हूक कुठे लावता?" एवढं जरूर विचारा.