मार्कंड्याची वीज आणि मार्कंडेयाचा यम

गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात, मार्कंड्याजवळ, वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहू लागते. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. काठावरच्या देवळांच्या दोन हकिकती प्रसिद्ध आहेत. अल्पायुषी मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली, यमाचा पाश लिंगावर पडला आणि चिडलेल्या शिवाने यमाला पळवून लावलं, ही पहिली. मुख्य देवळावर वीज कोसळून शिखर ढासळलं, ही दुसरी.

वीज पडली त्याला सुमारे अडीचशे वर्षं झाली. १८७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम आले, त्यांनी ही देवळं पाहून अहवालात नोंदवली. इथे काळ सांगता येतो, पडझड मोजता येते.

यमाच्या गोष्टीला अशी मोजपट्टी लावायला गेलं की गाडी अडते. तमिळनाडूतलं तिरुक्कडैयूर म्हणतं, हा प्रसंग आमच्याकडे घडला. म्हणूनच साठी गाठलेली जोडपी तिथे पूजेला जातात. नरसिंहपुराणात मार्कंडेयाला तारतो विष्णू, तर पद्मपुराणात सप्तर्षी आणि ब्रह्मदेव. गाव बदलतं, देव बदलतो. ठरलेलं मरण आणि त्यातून सुटलेला मुलगा मात्र कायम राहतात. मार्कंड्यात तर हरलेल्या यमधर्माच्याही नावाचं देऊळ आहे!

मग अशी गोष्ट वाचायची कशी? काही कथा स्वतःच आपलं रूपक उलगडून दाखवतात. भागवताच्या चौथ्या स्कंधात नारद राजा प्राचीनबर्हीला पुरंजनाची गोष्ट सांगतात आणि मग खुलासा करतात, की पुरंजन म्हणजे जीव आणि त्याचं नऊ दारांचं नगर म्हणजे देह.

असा खुलासा नसेल तेव्हा काय करायचं, याचा विचार वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी फार पूर्वी केला. वेदात यज्ञाच्या खांबाला सूर्य म्हटलं आहे. खांब सूर्य नाही हे डोळ्यांना दिसतं. म्हणून ते वाक्य खोटं न ठरवता, खांबाच्या तेजाची स्तुती म्हणून घ्यायचं. अशा वाक्याला त्यांनी ‘गुणवाद’ म्हटलं. प्रत्यक्षाशी भांडण नसलेल्या जुन्या वृत्तांताला ‘भूतार्थवाद’.

खरी गोची होते ती हे दोन्ही मिसळलेल्या गोष्टींत. हेमाडपंताने एका रात्रीत देऊळ उभारलं, असं विदर्भात कितीतरी दगडी देवळांबद्दल ऐकू येतं. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री, अगदी खरा माणूस. एक रात्र हा कारागिरीचा गौरव. मार्कंड्याचं कोरीवकाम मात्र अभ्यासक हेमाद्रीच्याही आधीचं मानतात.