वनौषधी व आहारपूरके यांचे नियंत्रण

वनस्पतिजन्य औषधे व आहारपूरके यांचे उत्पादन, वेष्टन आणि जाहिरात यांवरील शासकीय नियमन. १९४० च्या औषधविषयक अधिनियमात १९६४ साली दुरुस्ती होऊन आयुर्वेदीय व यूनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत सांगितलेल्या पाठानुसार केलेले औषध आयुर्वेदीय मानतात. वत्सनाभ, बिब्बा, धोतरा, पारा इ. विषारी द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते.

वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधास परवाना लागत नाही. बीड जिल्ह्यातील तलवाड्यासारख्या गावी वैद्याने कुटून दिलेले चूर्ण या सवलतीत येते. तेच डबीत भरून बाजारात विकावयाचे झाल्यास उत्पादकास परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते. विक्रेत्यास मात्र औषधविक्रीचा परवाना आवश्यक नसल्याने अशी औषधे किराणा दुकानांतही मिळतात.

आहारपूरके २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाखाली येतात. ती रोग बरा करतात असा दावा करता येत नाही. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना वेष्टनावर बंधनकारक आहे. त्यामुळे एकाच वनस्पतीचे चूर्ण दाव्यानुसार औषध वा अन्न ठरू शकते. मधुमेह, कर्करोग इ. रोगांवरील औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या अधिनियमाने बंदी आहे.

केवळ ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाने निर्धोकपणा सिद्ध होत नाही. परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व उत्पादकाचा पत्ता नसलेली पुडी ग्राहकाने टाळणे श्रेयस्कर होय.